भोपळ्याच्या बीची खुंटी

गेल्या मृगात लाल भोपळ्याच्या पाच बिया लावल्या. पाचही रुजल्या, पण त्यातली दोन रोपं टोपी घालूनच वर आली. मान सरळ झालेली, दांडी चार बोटं वाढलेली आणि डोक्यावर बीचं टरफल तसंच घट्ट बसलेलं. आत दोन्ही दलिका, म्हणजे बीतली दोन दळं, चिमट्यात सापडल्यासारख्या. मला राहवलं नाही, टरफल ओढलं, तर त्याच्याबरोबर अर्धी दलिका हातात आली. दोष बियांचा नव्हता. तीन बिया मी नीट आडव्या ठेवल्या होत्या आणि उरलेल्या दोन, पाऊस आला म्हणून, घाईघाईत उभ्याच खुपसल्या होत्या.

आडवी आणि उभी यात एवढा फरक का पडावा? भोपळा, काकडी, दुधी, दोडका या सगळ्या मंडळींच्या बिया चपट्या. रुजताना टोकाकडची फट उघडते आणि पांढरा मूलांकुर, म्हणजे पहिलं मूळ, बाहेर येऊन खाली वळतो. इथपर्यंत वाटाण्यासारखंच. पण वाटाण्याच्या दलिका मातीतच राहतात, भोपळ्याला मात्र त्या वर न्यायच्या असतात, कारण त्याच पुढे हिरव्या होऊन रोपाची पहिली पानं होणार असतात. टरफल घट्ट, दलिका नाजूक, आणि सोलायला हात नाहीत.

हे काम एक छोटीशी खुंटी करते. मूळ संपून दांडी जिथे सुरू होते, नेमक्या त्या वळणावर, खालच्या अंगाला एक जाडसर उंचवटा फुटतो. तो टरफलाची खालची कड दाबून धरतो. तेवढ्यात वरची दांडी कमानीसारखी वाकून लांबत असते. एका बाजूने खुंटीने धरून ठेवायचं, दुसऱ्या बाजूने कमानीने रेटायचं. टरफल शिंपल्यासारखं उघडतं आणि दलिका मागच्या मागे सरकून बाहेर येतात. चिखलात रुतलेली चप्पल दुसऱ्या पायाने दाबून धरून पाय काढावा, तसंच. चार्ल्स डार्विनने वनस्पतींच्या हालचालींवरच्या 1880 च्या पुस्तकात या खुंटीचं वर्णन केलं आहे.

आता खुंटी खालच्याच बाजूला का फुटते? बीला खाल-वर कळतं कसं? पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात, ते तळाशी बसतात आणि त्यावरून दिशा ठरते. मग साहजिकच वाटतं की गुरुत्वाकर्षणामुळे खुंटी उगवत असेल. खरी गोष्ट उलटी निघाली. 1998 साली अमेरिकेच्या ज्या अंतराळयानातून 77 वर्षांचे अंतराळवीर जॉन ग्लेन पुन्हा अवकाशात गेले, त्याच यानात जपानी शास्त्रज्ञांच्या प्रयोगासाठी काकडीच्या बियाही होत्या. तिथे वजनरहित अवस्थेत रुजलेल्या रोपांना एक नव्हे, दोन खुंट्या फुटल्या, समोरासमोर. म्हणजे खुंटी दोन्ही बाजूंना फुटायला तयारच असते. जमिनीवर गुरुत्वाकर्षण ऑक्झिन या संप्रेरकाची वाटणी बदलून वरच्या बाजूची खुंटी दाबून टाकतं, एवढंच. आपल्या कुंडीतली काकडी अर्धं काम न करून सरळ वाढते, हे मला फार गमतीचं वाटतं.

बी उभी लावली की दांडीला वळण पडत नाही, खुंटीला नेमकी बाजू मिळत नाही आणि पकड चुकते. म्हणून बी आडवी ठेवायची, बोटाच्या एका पेराएवढी खोल. त्याहून वर राहिली तर दुसरी अडचण: टरफलाला दाबून धरायला मातीचं वजन नसतं, शिवाय ते वाळून कडक होतं. तरीही टोपी राहिलीच, तर सकाळी त्यावर पाण्याचे दोन-चार थेंब सोडा आणि तासाभराने बोटांनी अलगद चोळा. कोरडं ओढू नका. माझं उदाहरण वर दिलंच आहे.

भिजवण्याबद्दलही थोडं. रात्रभर भिजवलेली बी फुगली म्हणजे ती जिवंत आहे, असं नाही. पावसाळ्यात लाकडी दारही फुगतं, मेलेली बीही फुगते. खरा पुरावा मूलांकुर. मटकीला मोड आणतो तसं ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवलं तर काकडी तीन-चार दिवसांत बोलते, कारलं मात्र आठवडाभर तोंड उघडत नाही. त्याचं टरफल जाड. नेलकटरने बाजूची कड किंचित कातरली तर पाणी लवकर शिरतं, पण टोकाला हात लावायचा नाही, मूलांकुर तिथेच असतो. ऊब मात्र हवीच. 25 ते 30 अंशांत या बिया खूश असतात. पुण्याच्या डिसेंबरातल्या रात्री त्या नुसत्या पडून राहतात आणि शेवटी कुजतात.

कुजण्याचं दुसरं कारण म्हणजे लाड. भोपळ्याची बी सोलताना टरफलाच्या आत एक पातळ पापुद्रा लागतो. त्यातून आधीच हवा कमी जाते. त्यावर सतत पाणी साचलं की बी गुदमरते. फडकं पिळून ओलं हवं, निथळतं नको.

आणि बी आणायची कुठून? बाजारातल्या दुधीतून नाही. तो कोवळा असतानाच तोडलेला, त्याची बी अजून बी झालेलीच नसते. लाल भोपळा मात्र पिकलेला मिळतो, भाजी चिरताना बिया बाजूला काढता येतात. संकरित वाणाचा असला तर पुढचं फळ आईसारखं निघेलच असं नाही. आणि घरच्या बीचा दुधी कडू निघाला तर घासभरही न खाता टाकून द्या. त्या कडवटपणामागची कुकुर्बिटासिनं नावाची विषारी द्रव्यं पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं.

मोड आलेली बी मी भोक पाडलेल्या करवंटीत लावतो. या वेलांना मुळं हलवलेली खपत नाहीत. दलिकांच्या मधून पहिलं खरखरीत पान डोकावलं की मातीच्या गोळ्यासकट आळ्यात. यंदा तसं रोप उतरवताना माती थोडी सुटली आणि टरफलाचे दोन अर्ध-शिंपले दिसले. वरचा मोकळा होता, खालचा अजून खुंटीत अडकलेला.