व्याख्यान, निवेदन, ट्रेनिंगचं काम इंदूरमधून धंदा म्हणून करायचंय? कोणती नोंदणी आधी, कोणती नंतर, आणि कागद काय लागतात

पीथमपूरच्या एखाद्या फॅक्टरीतून फोन येतो, मॅडम ४ मार्चला सेफ्टी डे आहे, कामगारांसाठी दोन तासांचं सेशन घ्याल का, आपण आनंदाने हो म्हणतो, विषय ठरतो, रक्कम ठरते आणि दुसऱ्या दिवशी मेलवर एक वेंडर फॉर्म येऊन पडतो. पॅन, फर्मचं नाव, करंट अकाउंट, कॅन्सल चेक, उद्यम नंबर, जीएसटी असेल तर तो. आपल्याकडची कितीतरी चांगली बोलणारी माणसं इथेच अडकतात, कारण तोपर्यंत सगळं काम मंडळाच्या कार्यक्रमांचं, शाल-श्रीफळ आणि पाकिटात मानधन असंच चाललेलं असतं. त्यात वाईट काही नाही, मीसुद्धा रामबागेतल्या कार्यक्रमांचं निवेदन करत करतच इथपर्यंत आले. पण यावर घर चालवायचं असेल तर बिल फाडता आलं पाहिजे, आणि त्या बिलामागे कागद पाहिजेत.

माझं मत आधीच सांगते. बहुतेक जण घाबरून सगळ्यात आधी जीएसटी काढतात, ते करू नका. आधी उद्यम, मग गुमास्ता म्हणजे दुकान-ऑफिसची नोंद आणि बँक खातं, आणि जीएसटी गरज पडेल तेव्हाच.

उद्यम नोंदणी म्हणजे केंद्र सरकारच्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाकडची नोंद. १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू झाली, त्याआधी उद्योग आधार होतं. सेवा देणारा कोणीही करू शकतो, त्यामुळे व्याख्याता, ट्रेनर, अँकर, सूत्रसंचालक सगळे यात बसतात. दुकान किंवा ऑफिस असलंच पाहिजे असं नाही, सुदामा नगरातल्या तुमच्या घराचा पत्ताही चालतो. शिक्षणाची अट नाही. एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी अशी आहे, म्हणजे आपण बोलणारे लोक जवळपास सगळेच सूक्ष्ममध्ये येतो. हां, सरकारी नोकरीत असाल किंवा एखाद्या शाळा-कॉलेजात पगारावर असाल तर आधी तिथली लेखी परवानगी घ्या, नंतर निस्तरत बसण्यापेक्षा ते बरं.

कागद म्हणाल तर अपलोड काहीच करायचं नाही. आधार, पॅन, आधारला जोडलेला मोबाईल आणि बँकेचा खाते नंबर-आयएफएससी एवढं समोर ठेवून बसा. आधार नंबर आणि त्यावर असलेलं नाव अगदी तसंच टाकायचं, ओटीपी येतो, मग संस्थेचा प्रकार विचारतात तिथे एकट्याचं काम असेल तर प्रोप्रायटरी निवडायचं, पॅन तपासलं जातं, मागच्या वर्षी आयकर रिटर्न भरलं का आणि जीएसटी आहे का हे विचारतात, जीएसटी लागूच नसेल तर नाही म्हणून पुढे जाता येतं. मग फर्मचं नाव, पत्ता, काम कधी सुरू केलं ती तारीख, किती माणसं काम करतात (एकटे असाल तर एक), गुंतवणूक आणि उलाढाल. माईक, स्पीकर, लॅपटॉप, प्रोजेक्टर ही आपली गुंतवणूक. आकडे खरे टाका, ही सगळी स्वयंघोषणा आहे आणि पुढे तुमच्या रिटर्नशी ताडून पाहतात.

लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते एनआयसी कोडपाशी, म्हणजे आपलं काम कोणत्या प्रकारचं हे सांगणाऱ्या सरकारी आकड्यापाशी. मेजर ॲक्टिव्हिटी सर्व्हिसेस निवडायची, मग पाच आकडी कोड शोधायचा. भाषणकलेचे क्लास, सॉफ्ट स्किल, कंपनीतलं ट्रेनिंग असं काम असेल तर ८५४९ ने सुरू होणारे कोड पाहा, तो इतर शिक्षणाचा गट आहे. व्याख्यान, निवेदन, रंगमंचावरचं काम असेल तर ९००० चा गट. दोन्ही करत असाल तर दोन्ही टाका, एकापेक्षा जास्त कोड चालतात, पण एका माणसाच्या फर्मला उद्यम नोंदणी एकच. उद्या काम वाढलं तर नवी नोंदणी करायची नाही, त्याच नोंदणीत अपडेट करायचं. प्रमाणपत्रावर क्यूआर कोड असतो आणि ते दरवर्षी रिन्यू करावं लागत नाही.

आणि हे नीट वाचा, याला एक रुपयाही लागत नाही. गुगलवर शोधलं की वरती सरकारी दिसणाऱ्या खूप साइट येतात, त्या फॉर्म भरून घेतात आणि शेवटी हजार-दोन हजार मागतात. खरी साइट एकच, पत्ता उद्यमरजिस्ट्रेशन डॉट गव्ह डॉट इन, शेवटी गव्ह डॉट इन नसेल तर बंद करा. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी असेच पैसे भरले, प्रमाणपत्र मिळालं पण त्यात मोबाईल नंबर एजंटचा, आता काही बदलायचं म्हटलं की त्यालाच फोन करावा लागतो.

गुमास्ता आपल्या इंदूरकरांना वेगळा सांगायला नको. मध्य प्रदेश दुकान व स्थापना अधिनियम १९५८ खाली होणारी नोंद, श्रम विभागाच्या पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज. आधार, पॅन, फोटो, जागेचा पुरावा, जागा भाड्याची असेल तर भाडेकरार. क्लास किंवा ऑफिसची जागा असेल तर हा काढाच. घरूनच काम असेल तरी काढावा असं मी म्हणते, कारण बँक. एकट्या मालकाच्या नावाने करंट अकाउंट उघडताना रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमाप्रमाणे धंद्याचे दोन पुरावे मागतात, त्यात उद्यम प्रमाणपत्र चालतं आणि गुमास्ता चालतो, दोन्ही हातात असले की काउंटरवर वाद होत नाही. खातं फर्मच्या नावाने उघडा आणि उद्यमवर आहे तेच स्पेलिंग ठेवा, एक अक्षर इकडे तिकडे झालं तरी कंपनीचे अकाउंटवाले पेमेंट थांबवतात. खातं उघडल्यावर उद्यममध्येही तो नवा खाते नंबर अपडेट करून टाका.

आता जीएसटी. सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी बंधनकारक, मध्य प्रदेशातही हीच मर्यादा. नागपूर, पुणे, बडोद्याला कार्यक्रमाला जाते म्हणजे दुसऱ्या राज्यात सेवा देते, मग पहिल्या रुपयापासून जीएसटी लागतो का, असं खूप जणी विचारतात. नाही लागत, ऑक्टोबर २०१७ पासून सेवांसाठी त्यातून सूट आहे, २० लाखांपर्यंत राज्याबाहेर गेलात तरी चालतं. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा. पॅन, आधार, फोटो, जागेचा पुरावा म्हणजे वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती, घर सासऱ्यांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र, आणि बँकेचा कागद. अर्जाची फी नाही. नंबर १५ अक्षरांचा येतो, आपल्या राज्याचा २३ ने सुरू होतो, त्यामुळे कोणी तुम्हाला २७ वाला नंबर दिला तर ती फर्म महाराष्ट्रात नोंदलेली आहे एवढं तिथेच कळतं.

लवकर काढू नका असं मी का म्हणते, तर एकदा नंबर आला की बिल असो नसो जीएसटीचं रिटर्न भरायचंच, शून्याचं रिटर्न उशिरा भरलं तरी दिवसाला २० रुपये दंड. शिवाय मंडळं, शाळा, घरगुती समारंभ यांना १८ टक्के वरचे जड जातात, त्यांना ते परत मिळत नाहीत. उलट तुमचं सगळं काम मोठ्या कंपन्यांचंच असेल आणि त्या नंबर मागतच असतील तर २० लाखांच्या आत असतानाही स्वेच्छेने काढता येतो, त्यांना तो कर इनपुट म्हणून मिळतो, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून वजा करता येतो.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, त्याचं थोडक्यात. कंपनी व्यावसायिक फी देताना १० टक्के कापते, एका कंपनीकडून वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं की, एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३० हजार होती. म्हणजे ६० हजारांचं बिल केलं तर हातात ५४ हजार येतील, उरलेले ६ हजार तुमच्या पॅनवर जमा. ते बुडाले असं समजून सोडून देऊ नका, आयकराच्या साइटवर तुमच्या खात्यात दिसतात आणि आयकर रिटर्न भरलं की करात धरले जातात, जास्त असतील तर परत मिळतात. पॅन दिला नाही तर कपात २० टक्के, म्हणून बिलावर पॅन छापूनच ठेवा.

आता ज्यासाठी मी उद्यमला सगळ्यात वर ठेवलं ते सांगते. बोलणाऱ्याचा माल कार्यक्रम संपला की संपतो, तो परत उचलून आणता येत नाही, आणि म्हणूनच आपलं पेमेंट सगळ्यात शेवटी निघतं. एका कंपनीत मी दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं होतं, टाळ्या झाल्या, फोटो झाले आणि बिल सात महिने अडकलं. दर वेळी नवीन माणूस, नवीन कारण. तेव्हा मला माहीत नव्हतं की एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, तेही महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. शिवाय २०२४ पासून अशी थकलेली रक्कम वेळेत दिली नाही तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च करातून वजा दाखवता येत नाही, आणि अकाउंट्सवाले हे पक्कं ओळखून असतात.

नंतर मी प्रत्येक बिलावर उद्यम नंबर, कामाची तारीख, विषय, किती तास आणि पेमेंट किती दिवसांत हे लिहायला लागले, आणि फरक पडला. तरीही पैसे आलेच नाहीत तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो. उद्यम नंबर, बिल, वर्क ऑर्डर किंवा कामाला हो म्हटल्याचा मेल, समोरच्या फर्मचा पूर्ण पत्ता असं लागतं. अर्ज राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातो, आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद, आणि निकालाविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर समोरच्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. पण उद्यमची नोंद कामाच्या आधीची असली पाहिजे, बिल अडकल्यावर घाईने काढलेल्या नोंदणीच्या जोरावर जुन्या बिलाचा दावा टिकवणं फार अवघड. म्हणून पहिलं काम घ्यायच्या आधीच काढा. आणि फोनवर ठरलेलं तासाभरात मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, ताई उद्या ११ ते १, विषय अमुक, रक्कम अमुक, येण्याजाण्याचा खर्च वेगळा, आणि त्यांच्याकडून "ओके" येऊ द्या. तो ओकेच पुढे कागद होतो.

साउंड सिस्टीम, कॅमेरा, छोटा स्टुडिओ यासाठी पैसे लागणार असतील तर मुद्रा कर्ज तारणाशिवाय मिळतं, शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. बँक उद्यम प्रमाणपत्र, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, सामानाचं कोटेशन मागते. कोटेशन खरं आणा, दुकानदाराकडून फुगवून घेऊ नका.

कार्यशाळेचं किंवा फर्मचं एखादं नाव लोकांच्या तोंडी बसलं असेल तर त्याचा ट्रेडमार्क वर्ग ४१ मध्ये करून टाका, शिक्षण-प्रशिक्षण-मनोरंजनाचा वर्ग तो. एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. सरकारच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने आक्षेपाची मुदत असते, नोंद झाली की दहा वर्षं. पण हे पहिल्या वर्षी नको, आधी दहा-बारा बिलं वेळेवर वसूल होऊ द्या.