उजनीवर गळ टाकण्यापूर्वी

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून आमच्या दुकानात बरेच ग्राहक ‘बास रॉड’ मागतात, म्हणजे बास या तिकडच्या माशासाठीची गळाची काठी. उजनी धरणात बास मिळत नाही, पण तो रॉड वाया जात नाही. साडेसहा-सात फुटी मीडियम हेवी रॉड मरळीला उत्तम, कारण मरळही बाससारखीच गवतात दबा धरून बसते. त्यावर ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि रबरी बेडूक लावा. मरळीनं बेडूक ओढला की लगेच झटका देऊ नका. दोरी ताणली जाईपर्यंत थांबा, नाहीतर बेडूक तोंडातून निसटून येतो. ब्रेड भरण्याआधी रिळावर पाच-सहा मीटर तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) गुंडाळा. तसं न केल्यास ब्रेड स्पूलवर नुसतीच फिरते. पावसाळ्यात पिल्लांच्या घोळक्यासोबत असलेली मरळ पकडू नका.

बाकी माशांचं गणित त्यांच्या तोंडावरून सुटतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. त्याच्यासाठी फ्लोट (तरंगतं बोंड) लावून गळ दोन-चार फुटांवर ठेवा. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. या तिघांना ०.३० ते ०.३५ मिमी तंगूस आणि ४ ते ६ नंबरचा गळ. चिलापीला काठाजवळ गांडूळ, ०.२० मिमी तंगूस, १० नंबरचा गळ. (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. इथे नवखे हमखास फसतात.)

रोहूच्या आमिषासाठी शेंगदाणा पेंड ५०० ग्रॅम, भाजलेल्या चण्याचं पीठ २०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम. पाणी थोडं थोडं घाला. लिंबाएवढा गोळा बादलीत टाकून पाहा: पंधरा-वीस मिनिटांत फुटायला हवा. तासभर तसाच राहिला तर कणीक जास्त झाली. फेकतानाच सुटला तर कमी पडली.

मोठा मासा हातचा जातो तो बहुधा ड्रॅगमुळे, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सोडणाऱ्या रिळाच्या ब्रेकमुळे. तंगूस ६ किलोची असेल तर ताणकाट्यावर ड्रॅग दीड-दोन किलोला सुटला पाहिजे. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडी तंगूस घर्षणानं तापते आणि गाठीतच तुटते.

पाण्याखाली बुडालेल्या गावांच्या भिंती आणि बाभळीची खोडं आहेत. शिसं मुख्य दोरीपेक्षा बारीक तंगुसाला बांधा. अडकलं तर शिसंच जाईल, मासा राहील.

उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृत साठ्यात उतरलं, की काठ लांब सरकतो. वरून सुकलेला गाळ आत मऊ असतो, म्हणून काठीनं चाचपत चला. मासेमारीसाठी परवानगी कोणाची लागते ते विचारून ती आधी घ्या.

तंगुसाचे तुटके तुकडे काठावर टाकू नका. भिगवणच्या बाजूला पक्ष्यांच्या पायांत अडकतात. दुकानात आणून दिलेत तरी चालेल.