अपील की नवा अर्ज? मेडिकलला अनफिट झाल्यावरचे दोन रस्ते

एसएसबीचे, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मुलाखत-चाचण्यांचे, पाच दिवस पार करून 'रेकमेंडेड' झालेलं पोर मेडिकलमध्ये अडकलं की घरात पहिला प्रश्न येतो, "आता परत भरता येईल ना?" या 'परत'मध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्यांची गल्लत झाली की दिवस हातचे जातात.

अपील म्हणजे याच निवडीत फेरतपासणी मागणं. एसएसबीत मिळवलेलं सगळं शाबूत राहतं, वाद फक्त डॉक्टरांच्या निष्कर्षाचा. मुदत स्पेशल मेडिकल बोर्डापासून, म्हणजे पहिल्या तपासणीपासून, ४२ दिवसांची. अपिलातही अनफिट ठरलात, तर रिव्ह्यू बोर्डाची, म्हणजे आणखी एका फेरतपासणीची, विनंती एका दिवसात करायची. ती मान्य होईलच असं नाही. तो हक्क नव्हे. मान्य झाली तर तपासणी दिल्लीच्या आर अँड आर या लष्करी रुग्णालयात किंवा पुण्यात एएफएमसी या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात होते.

नवा अर्ज म्हणजे पाटी कोरी. जाहिरात, लेखी परीक्षा, पुन्हा एसएसबी, मग पुन्हा मेडिकल. आणि वय कुणासाठी थांबत नाही. बारावीनंतरच्या एनडीए परीक्षेचं वय एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास संपतं, मग पदवीनंतरची सीडीएस परीक्षा उरते.

कोणता रस्ता धरायचा हे दुखणं ठरवतं. कानातला मळ किंवा थोडं जास्त वजन ४२ दिवसांत निघतं. अशांनी अपील सोडू नये. हर्नियाचं तसं नाही. ऑपरेशननंतर २४ आठवडे जावे लागतात, म्हणजे ऑपरेशन उद्या केलं तरी अपिलाला उशीरच. तिथे ऑपरेशन करून घ्यावं, कागद जपावेत आणि पुढच्या अर्जाची तयारी करावी.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो चष्म्याच्या पोरांसाठी. नंबरावरून अनफिट झाल्या झाल्या कुणीतरी लेझर सुचवतं, आणि अठराव्या वर्षी डोळ्यांवर शस्त्रक्रिया होते. लष्कराच्या नियमात लेझरसाठी वय २० च्या वर आणि शस्त्रक्रियेला १२ महिने झालेले असावे लागतात. म्हणजे अपिलासाठी केलेल्या उपायानेच ते अपील बुडतं. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी नियम वाचा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सपाट तळव्यांचं उलट असतं, तिथे अपिलात खरंच दम असू शकतो. माझ्या मामेभावाला 'फ्लॅट फूट' लिहून दिलं होतं. आम्ही त्याला ओल्या पायाने शहाबादी फरशीवर उभं केलं. अख्खा तळवा उमटला. मग चवड्यांवर उभा राहा म्हटलं, तर आतली कमान वर आली, स्पष्ट दिसली. अशी कमान येत असेल, पाय लवचीक असेल, दुखत नसेल आणि चवड्यांवर नीट धावता येत असेल, तर नियम त्याला फिट धरतो. तो मुद्दा घेऊनच तो अपिलाला गेला.

रंगांधळेपणाला मात्र उपचार नाही. तिथे कोणत्या शाखेला कोणती रंगदृष्टी चालते हे पाहूनच नवा अर्ज करावा.

नव्या अर्जाच्या वेळी मेडिकलच्या फॉर्ममध्ये आधीच्या नकाराबद्दल विचारलेलं असतं. तिथे खरं लिहा. जुने रिपोर्ट, ऑपरेशनची तारीख आणि डिस्चार्ज कार्ड एकाच फाइलमध्ये लावून बरोबर न्या.