विंडोज व्हिज्युअल स्टाइल

विंडोजवरील प्रोग्रॅममधली बटणे, याद्या, टॅब आणि स्क्रोलबार या घटकांना (म्हणजे कंट्रोल्सना) चालू थीमचे रूप देणारी यंत्रणा. ती २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर आली. एक्सपीची ‘लूना’ ही थीम निळ्या, ऑलिव्ह हिरव्या आणि चंदेरी रंगांत मिळत असे.

जुन्या प्रोग्रॅमच्या खिडकीचा मथळा आणि कड आपोआप बदलते, आतली बटणे मात्र करडी, चौकोनीच राहतात. कारण हे कंट्रोल पुरवणाऱ्या कॉमन कंट्रोल्स या लायब्ररीच्या (तयार कोडच्या संचाच्या) ५.८२ आणि ६ अशा दोन आवृत्त्या यंत्रात शेजारीशेजारी असतात आणि मागितल्याशिवाय जुनीच मिळते. ही सोय योग्यच म्हटली पाहिजे. कंट्रोल स्वतः रंगवणारे कित्येक जुने प्रोग्रॅम त्यामुळे बिघडले नाहीत.

नवी आवृत्ती मागायची ती मॅनिफेस्ट या एक्सएमएल मजकुरातून. त्यात लायब्ररीचे नाव, आवृत्ती ६.०.०.० आणि प्रकाशकाचे टोकन (ओळख पटवणारा संकेतांक) लिहितात. हा मजकूर प्रोग्रॅमच्या आतच रिसोर्स (फाइलमध्ये साठवलेली माहिती) म्हणून बसवावा: प्रकार २४, क्रमांक एक्झीसाठी (थेट चालणाऱ्या फाइलसाठी) १, डीएलएलसाठी (लायब्ररीच्या फाइलसाठी) २. वेगळी फाइल शेजारी ठेवली तरी चालते, पण प्रोग्रॅम दुसरीकडे हलवताना ती मागे राहते. एक्सएमएल चुकले तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. एक्सपीवर आणखी एक अट आहे: खिडकी उघडण्याआधी कॉमन कंट्रोल्स सुरू करणारे फंक्शन बोलवावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रणालीतील विंडोज फॉर्म्स या खिडक्या बनवण्याच्या साधनात ‘एनेबलव्हिज्युअलस्टाइल्स’ ही एक ओळ पुरते, मात्र ती पहिला कंट्रोल तयार होण्याआधी हवी.

खरे काम यानंतरचे. टॅबच्या पानावर थीमचा रंग येतो आणि लेबलांमागे करडे ठोकळे उरतात. टॅबच्या पानावर बसवलेल्या डायलॉगला (कंट्रोल्सच्या चौकटीला) टॅबचा पोत स्वतंत्रपणे लावावा लागतो. प्रोग्रॅमने स्वतः रंगवलेल्या बटणांना थीम शिवतही नाही. ती थीमच्याच फंक्शनांनी रंगवावीत आणि थीम बदलल्याचा संदेश आला की थीमचे हँडल (थीमपर्यंत पोचवणारा संदर्भ) बंद करून नव्याने उघडावे, नाहीतर जुनेच रूप राहते.

मराठी इंटरफेसमध्ये उंचीकडे विशेष लक्ष द्यावे. त्याच पॉइंट आकारात मंगल फॉन्टची ओळ टाहोमापेक्षा उंच असते. बटणाची उंची पिक्सेलमध्ये ठरवून टाकली असेल, तर ‘पूर्ण’मधला रफार वरून किंवा उकार खालून कापला जातो. म्हणून फॉन्टची उंची प्रोग्रॅम चालू असताना मोजून त्यावरून बटणाची उंची काढावी.