केनेडींची पणजी ब्रिजेट मर्फी

२७ जून १९६३ ला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी आयर्लंडमधल्या न्यू रॉसच्या धक्क्यावर बोलायला उभे राहिले. म्हणाले, माझे पणजोबा इथून ईस्ट बोस्टनला पिंपं बनवायच्या कामाला गेले तेव्हा त्यांच्याजवळ दोनच गोष्टी होत्या, धर्मावरची घट्ट श्रद्धा आणि स्वातंत्र्याची ओढ. मग जवळच्या डंगन्सटाउनला मूळ घरी गेले, नातेवाइकांबरोबर चहा घेतला, जे केनेडी गेले आणि जे मागे राहिले त्या सगळ्यांच्या नावाने. भाषण सुंदर आहे, पण त्यात पणजी कुठेच नाही, आणि मला तर वाटतं केनेडींचं घराणं उभं राहिलं ते तिच्याच जिवावर.

ब्रिजेट मर्फी. वेक्सफर्ड काउंटीतली. तिच्या तरुणपणीचं आयर्लंड म्हणजे जमीन बहुतेक इंग्रजी वळणाच्या जमीनदारांची, कसणारा कूळ, आणि गरिबाच्या घरी तिन्ही त्रिकाळ बटाटा आणि ताक. १८४५ ला बटाट्यावर करपा पडला, हिरवीगार रोपं काही दिवसांत काळी पडायची आणि उकरून बघावं तर खाली नुसता सडका चिखल आणि घाण वास, आणि हे एकदा नाही, पुढची काही वर्षं चाललं. भुकेने आणि तापाने दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, साधारण तेवढीच देश सोडून गेली, १८४१ च्या मोजणीत ८२ लाख लोक होते ते १८५१ ला ६५ लाखांवर आले. मदतीसाठी कलकत्त्यातून, मुंबईतूनही पैसे गेले होते, पण धान्य आणि लोणी मात्र तेव्हाही जहाजांनी इंग्लंडला जातच होतं, हे वाचून आजही संताप येतो.

वेक्सफर्डला आयर्लंडच्या पश्चिम भागाच्या मानाने झळ कमी बसली, तरी जमीन एका मुलाची, बाकीच्यांनी आपलं बघायचं. पॅट्रिक केनेडी, म्हणजे भाषणातले ते पणजोबा, धाकट्यांपैकी, त्याच्या वाट्याला काही येणार नव्हतं. मुलींचं तर त्याहून अवघड, एकीच्या हुंड्यापुरते पैसे जमले तर जमले, दुष्काळानंतर ही पद्धत आणखीच पक्की झाली. म्हणून आयरिश स्थलांतरात एक गोष्ट वेगळी दिसते, इतर देशांतून आधी पुरुष निघायचे पण इथून बायका जवळपास पुरुषांइतक्याच गेल्या आणि त्यात कितीतरी बिनलग्नाच्या, एकट्या. तिकडे जाऊन लोकांच्या घरी कामं करायची, पोटाला चिमटा काढून पैसे घरी पाठवायचे आणि त्यातून धाकट्या बहिणीचं तिकीट निघायचं. निघायच्या आदल्या रात्री शेजारपाजारचे जमायचे, पिणं, गाणं, नाच, आणि पहाटे पहाटे आई जी रडायची ती मेलेल्या माणसासाठी रडावं तशी, कारण गेलेलं लेकरू पुन्हा दिसेल याची आशाच नसायची. या रात्रीला ते अमेरिकन वेक म्हणायचे, म्हणजे जिवंत माणसासाठी मयताची रात्र जागवायची.

ब्रिजेट आणि पॅट्रिक पोचले त्या बोस्टनला तरी पायघड्या कोण घालणार होतं? १८४७ या एका वर्षात तिथे ३७ हजारांच्या आसपास लोक उतरले होते, बहुतेक आयरिश, आणि प्रोटेस्टंट शहराला हे कॅथलिक गरीब नकोच होते. २६ सप्टेंबर १८४९ ला ब्रिजेट आणि पॅट्रिकचं ईस्ट बोस्टनमध्ये लग्न झालं. पुढच्या आठ-नऊ वर्षांत पाच बाळंतपणं, त्यातला थोरला मुलगा जॉन १८५५ ला तान्हा असतानाच गेला, आणि त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स या तिथल्या राज्यात स्थलांतरितांविरुद्ध उभा राहिलेला नो-नथिंग पक्ष निवडून आला होता. २२ नोव्हेंबर १८५८ ला पॅट्रिकही गेला. पदरात तीन मुली आणि दहा महिन्यांचा पॅट्रिक जोसेफ, सगळे त्याला पीजे म्हणायचे.

खरी गोष्ट इथून सुरू होते. पेन्शन नाही, सरकारी मदत म्हणावी अशी काही नाही, अशा विधवांची मुलं अनाथालयात जाणं तेव्हा काही नवलाचं नव्हतं. ब्रिजेटने आधी लोकांकडे घरकाम केलं, मग हेअरड्रेसिंगचं काम केलं, धाकट्याला मोठ्या बहिणी सांभाळायच्या. पैसे साठवत साठवत तिने बंदराजवळ बॉर्डर स्ट्रीटवर छोटं दुकान घेतलं, त्यात किराणा आणि बारीकसारीक वस्तू. मोलकरीण ते दुकानाची मालकीण हा प्रवास एकट्या बाईने त्या शहरात केला, आणि पिढ्यानपिढ्या कुळं म्हणून राबलेल्या घरातून आलेल्या तिच्यासाठी स्वतःचं दुकान म्हणजे काय असेल याचा जरा विचार करा. चौदाव्या वर्षी पीजे गोदीत हमालीला लागला, पुढे त्याने दारूचा गुत्ता घेतला त्यात आईचा पैसा होता. त्या गुत्त्यात आयरिश कामगार यायचे, कुणाला नोकरी हवी, कुणाला अडीनडीला चार पैसे, पीजे सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, आणि याच माणसांच्या मतांवर १८८० च्या दशकात तो राज्याच्या विधिमंडळात गेला. हे ब्रिजेटने डोळ्यांनी बघितलं याचं मला फार बरं वाटतं.

मुलींकडची नातवंडं होतीच, ६ सप्टेंबर १८८८ ला पीजेलाही मुलगा झाला, जोसेफ. २० डिसेंबरला ब्रिजेट गेली, म्हणजे या नातवाला आजी जेमतेम साडेतीन महिने मिळाली. हाच जोसेफ १९३८ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून लंडनला गेला, तोपर्यंत त्या पदावर एकही आयरिश कॅथलिक माणूस बसलेला नव्हता, आणि त्याचा मुलगा जॉन १९६० ची निवडणूक जिंकून अध्यक्ष झाला.