राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना (ख्रिस्ती)

ख्रिस्ती उपासनेतील मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थनेचा एक भाग. सत्ताधारी कोणत्या धर्माचा वा पक्षाचा आहे हे न पाहता त्याला सुबुद्धी आणि प्रजेला स्वस्थता मिळावी, अशी विनवणी तीत असते. मुख्य आधार बायबलच्या नव्या करारातील तीमथ्याला पहिले पत्र २:१–२.

प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. हे पत्र प्रेषित पौलाचेच मानणारे ते साधारणपणे इ.स. ६२–६७ च्या सुमारास, म्हणजे रोमन सम्राट नीरोच्या कारकिर्दीत ठेवतात; अनेक आधुनिक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरचे किंवा त्यानंतरचे मानतात. काळ कोणताही धरला, तरी प्रथा पत्राहून जुनी असावी. बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदी करून नेलेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्याने त्याच नगराच्या हितासाठी प्रार्थना करायला सांगितले होते (यिर्मया २९:७). यरुशलेमच्या मंदिरात रोमन सम्राटासाठी रोज यज्ञ होत, इ.स. ६६ मध्ये ते बंद केले गेले, त्यातच यहुदी इतिहासकार जोसीफस रोमनांविरुद्धच्या युद्धाचा पाया पाहतो. त्यामुळे ही प्रार्थना केवळ सम्राटपूजेला पर्याय म्हणून निघाली, हे मत अपुरे वाटते. रोमच्या मंडळीचा आरंभीचा पुढारी क्लेमेंट याच्या नावे असलेल्या पत्रात (सु. इ.स. ९६) राज्यकर्त्यांसाठी सबंध प्रार्थना आढळते.

मराठी बायबलात तीमथ्याच्या पत्रातील वरील वचनातल्या एका शब्दासाठी ‘रदबदली’ योजला आहे. मूळ ग्रीक ‘एन्त्युक्सिस’ हा शब्द टॉलेमी या ग्रीक राजघराण्याच्या इजिप्तमध्ये राजाकडे करायच्या अर्जालाही वापरीत. ‘रदबदली’ही अरबी-फार्सी वळणाचा, दरबारात रुळलेला. राजापुढे करायची ती राजासाठी देवापुढे करायची, हा पालट मराठीत नेमका उतरला. भाषांतरकारांनी तो जाणूनबुजून साधला असेलच असे नाही.

खानदेशात १८१८ मध्ये ब्रिटिश अंमल आला. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, उपासनाक्रमात राजासाठी नेमलेली प्रार्थना होती. प्रजासत्ताकानंतर भारतीय मंडळ्यांत राजाची जागा राष्ट्रपती व शासनाने घेतली. खानदेशातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांवर मात्र अलायन्स परंपरेच्या (नावात ‘अलायन्स’ असलेल्या, अँग्लिकनेतर) मिशनांचा ठसा अधिक. तेथे नेमलेल्या पाठापेक्षा उत्स्फूर्त प्रार्थनेला महत्त्व, म्हणून पाळक किंवा सभासद राष्ट्रपतींपासून गावच्या सरपंचापर्यंत कोणाचेही नाव घेऊ शकतो. कॅथलिक उपासनेत उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) दहा प्रार्थनांपैकी नववी सार्वजनिक पदांवरील व्यक्तींसाठी असते. खानदेशातील कॅथलिक १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात.

सन्मानाच्या कर्तव्यासाठी रोमकरांस पत्र १३:१–७ आणि पेत्राचे पहिले पत्र २:१३–१७ यांचा दाखला देतात. त्याची मर्यादा प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये आहे: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी. पेत्राची शब्दयोजनाही पाहण्याजोगी आहे. नीतिसूत्रांत (२४:२१) परमेश्वर आणि राजा या दोघांचेही भय धरायला सांगितले आहे. पेत्र भय देवापुरते राखतो आणि राजासाठी मान सांगतो. त्यासाठी ग्रीकमध्ये वापरलेले क्रियापद त्याच वचनाच्या आरंभी ‘सर्वांना मान द्या’ म्हणताना आलेलेच आहे.