सोलापुरातील उद्योगांसाठी सांडपाणी व कंडेन्सेटच्या पुनर्वापराची संमती : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने, मळीवर (साखर काढल्यावर उरणाऱ्या घट्ट रसावर) चालणाऱ्या आसवनी, म्हणजे मद्यार्क बनवणारे कारखाने, आणि चादर-टॉवेलसाठी सूत रंगवणारे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. या तिन्ही ठिकाणी सांडपाणी निर्माण होते, आणि पहिल्या दोन ठिकाणी त्याबरोबर कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन परत मिळणारे पाणीही निघते. ते पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची यंत्रणा उभारायची असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्यावी लागते. ही संमती 1974 च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्याच्या कलम 25 आणि 26 खाली मिळते. बॉयलर असल्यास 1981 चा हवा प्रदूषणाचा कायदा आणि घातक कचरा निघत असल्यास 2016 चे नियमही लागू होतात. तिन्हींसाठी एकत्रित अर्ज करता येतो.

अर्ज कोणी करायचा, हे उद्योगाच्या श्रेणीवरून ठरते. साखर कारखाना, आसवनी आणि सांडपाणी सोडणारा रंगाई कारखाना हे तिन्ही लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी, श्रेणीत मोडतात. केवळ पांढऱ्या, म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या, श्रेणीतील उद्योगांना संमतीऐवजी मंडळाला माहिती कळवणे पुरते. चालू कारखान्यात नवे बाष्पीभवन संयंत्र किंवा कंडेन्सेट पॉलिशिंग युनिट (कंडेन्सेट शुद्ध करणारी यंत्रणा) बसवताना पाण्याचा वापर, सांडपाण्याचे प्रमाण किंवा ते सोडण्याची जागा बदलणार असेल, तर जुन्या संमतीपत्रावर विसंबून काम सुरू करू नये. मळीवर चालणारी आसवनी आणि दररोज 5,000 टन किंवा त्याहून अधिक गाळप क्षमतेचा साखर कारखाना यांना 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीही लागते. ती मिळाल्यावर स्थापनेची वेगळी संमती लागते का, हे मंडळाकडून तपासून घ्यावे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात जागा असेल, तर वनविभागाकडील स्थिती जमीन घेण्यापूर्वीच तपासून घ्यावी.

संमती दोन टप्प्यांत मिळते. बांधकाम सुरू करण्यापूर्वी स्थापनेची संमती घ्यायची, आणि यंत्रणा उभी राहिल्यावर, पण उत्पादन सुरू होण्यापूर्वी, चालवण्याची संमती घ्यायची. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. शुल्क एकूण भांडवली गुंतवणुकीवर ठरते आणि ती गुंतवणूक घसारा वजा न करता सनदी लेखापालाने प्रमाणित करावी लागते. सोलापूर येथील उपप्रादेशिक कार्यालयाचे अधिकारी जागेची पाहणी करून अहवाल देतात. मोठ्या गुंतवणुकीच्या उद्योगांचा निर्णय मात्र वरच्या पातळीवर होतो.

सर्वसाधारण कागदपत्रे फारशी अवघड नाहीत. सातबारा उतारा व बिगरशेती आदेश, किंवा चिंचोळी अथवा अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत भूखंड असल्यास त्याचे वाटपपत्र, कंपनीच्या नोंदणीचे किंवा भागीदारीचे दस्तऐवज, जागेचा आराखडा, कच्चा माल व उत्पादनांची यादी, प्रक्रियेचा प्रवाह-तक्ता, प्रक्रिया केंद्राचे डिझाइन आणि घातक कचरा सामाईक केंद्राकडे पाठवण्यासाठी त्या केंद्राचे सदस्यत्व हे सर्व जोडावे. प्रक्रिया केंद्रातील रासायनिक गाळ घातक कचऱ्याच्या यादीत 35.3 या क्रमांकाखाली येतो. रंगाई कारखान्यांच्या अर्जांत ही नोंद राहून जाऊ नये.

खरी परीक्षा होते ती पाण्याच्या ताळेबंदाची. किती पाणी आत येते, किती वाफेत व उत्पादनात जाते, किती परत वापरले जाते आणि किती बाहेर पडते, यांची बेरीज जुळली पाहिजे. कंडेन्सेट या हिशेबातून सुटले की बेरीज कधीच जुळत नाही, हे एका आसवनीच्या उदाहरणावरून दाखवता येईल. दररोज 30 किलोलिटर मद्यार्क तयार होतो आणि प्रत्येक लिटरमागे 8 लिटर स्पेंट वॉश, म्हणजे मद्यार्क काढून घेतल्यावर उरणारे सांडपाणी, निघतो असे धरले, तर एकूण 240 घनमीटर स्पेंट वॉश होतो. त्यातील घन पदार्थांचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेल्यास सुमारे 48 घनमीटर घट्ट द्रव उरतो आणि सुमारे 192 घनमीटर पाणी कंडेन्सेट होऊन वेगळे होते. अर्जात फक्त 48 घनमीटर जाळण्याची सोय दाखवून उरलेल्या 192 घनमीटरचा उल्लेख न करणे म्हणजे ते पाणी कुठे जाणार हे न सांगणेच होय.

हे कंडेन्सेट दिसायला स्वच्छ असते आणि तेच धोक्याचे आहे. त्यात बाष्पनशील आम्ले उतरलेली असतात, ते गरम आणि आम्लधर्मी असते. त्यामुळे ते थेट शीतमनोऱ्यात (कारखान्यातील गरम पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यात) घातले तर पाइप गंजतात, आणि ओढ्यात सोडले तर शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत पोहोचते. डिझाइन अहवालात थंड करणे, उदासीनीकरण (आम्लता घालवणे), जैविक प्रक्रिया, गाळणी आणि गरजेनुसार रिव्हर्स ऑस्मोसिस (सूक्ष्म पडद्यातून पाणी दाबून क्षार वेगळे करणे) हे टप्पे, प्रत्येक टाकीचे आकारमान आणि शुद्ध पाण्याचा अंतिम वापर, म्हणजे शीतमनोरा की मळी पातळ करणे, हे सर्व स्पष्ट लिहावे. रिव्हर्स ऑस्मोसिसमधून उरणारे क्षारयुक्त पाणी कुठे जाणार, हेही लिहिलेच पाहिजे. सोलापूरच्या रंगाई कारखान्यांत मिठाचा वापर होत असेल, तर त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न हाच आहे.

साखर कारखान्यांचे गणित वेगळे आहे. उसात सुमारे 70 टक्के पाणीच असते आणि ते पाणी कंडेन्सेट होऊन परत मिळते. 2016 च्या मानकांनुसार गाळलेल्या उसाच्या प्रति टन एकूण 200 लिटर इतकेच सांडपाणी बाहेर सोडता येते (प्रक्रिया केलेले 100 लिटर आणि शीतमनोरा किंवा फवारा-तलावातून निघणारे 100 लिटर), म्हणजे 5,000 टनांच्या कारखान्याला दिवसाला 1,000 घनमीटर. ते जमिनीवर सोडायचे असेल तर बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूचे माप) 100 आणि नदी-नाल्यात सोडायचे असेल तर 30 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत हवा. प्रक्रिया केंद्र गाळप हंगामाच्या एक महिना आधी स्थिरावलेले असावे आणि हंगाम संपल्यावरही एक महिना चालू ठेवावे. अर्जासोबतच्या वेळापत्रकात हे दोन महिने दाखवणे शहाणपणाचे आहे.

आसवनी आणि साखर कारखाने ऑनलाइन सतत देखरेखीच्या कक्षेत येतात, म्हणून प्रवाहमापक व संवेदकांची जागा आराखड्यात दाखवावी. त्रुटी कळवल्या गेल्यास त्यांचे उत्तर लवकर द्यावे, कारण सर्व बाबतीत पूर्ण असलेल्या अर्जावर चार महिन्यांत निर्णय न झाल्यास संमती मिळाल्याचे कायदा मानतो, पण अपुऱ्या अर्जाला हा आधार मिळत नाही. संमती नाकारली गेल्यास किंवा घातलेली अट मान्य नसल्यास आदेश कळल्यापासून 30 दिवसांत अपील करता येते. संमती मिळाल्यावर घातक कचऱ्याचे वार्षिक विवरणपत्र 30 जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरणपत्र 30 सप्टेंबरपर्यंत सादर करावे लागते. नूतनीकरणाची मुदत असल्यास ती संमतीपत्रातच छापलेली असते. ती हंगामाच्या मध्यात संपत असेल, तर अर्जाची तयारी गाळप सुरू होण्यापूर्वीच पूर्ण करून ठेवावी.